दोष दिसतो कोठे, असतो कोठे?

दुसऱ्याच्या कामातील दोष दाखविणे सोपे, पण त्या दोषाचे खरे स्थान शोधणे अवघड, असे म्हटले तर बहुतेक वाचकांना ते मान्य होईल. मान्य होऊनही ते आचरणात येत नाही, हा भाग निराळा. ‘नाचता येईना अंगण वाकडे’, ‘वड्याचे तेल वांग्यावर’, ‘चोर सोडून संन्याशाला फाशी’, ‘आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी’ – चुकीच्या जागी ठेवलेल्या दोषाविषयी आपल्या मराठी भाषेत किती म्हणी आहेत पाहा! एखाद्या गोष्टीसाठी भाषा इतक्या म्हणी घडविते, तेव्हा ती गोष्ट समाजात वारंवार घडत असली पाहिजे, असे मानण्यास हरकत नाही.

प्रश्न असा की, काही बिघडले असता दोष देण्यापूर्वी त्याचे मूळ शोधण्याचे नैतिक बंधन आपल्यावर आहे काय? की ती केवळ हुशार माणसाची हौस आहे? आणि मूळ सापडल्यानंतर आपले कर्तव्य संपते, की तेथून सुरू होते? हा प्रश्न मोठमोठ्या शब्दांत मांडण्याऐवजी सुताराच्या कार्यशाळेतील एका यंत्राच्या आधाराने मांडण्याचे आम्ही योजिले आहे. यंत्र खोटे बोलत नाही आणि कोणाची भीडही धरीत नाही. त्यामुळे न्यायाचा धडा घेण्यास ते सोयीचे पडते.

डगमगणारे पाते

अहिल्यानगर जिल्ह्यात (२०२४ पर्यंत आपण त्याला अहमदनगर म्हणत होतो) तालुक्याच्या कोणत्याही गावी गेलात तरी दाराखिडक्यांच्या चौकटी, कपाटे आणि तसबिरींच्या फ्रेमा तयार करणारी एकदोन दुकाने भेटतातच. पूर्वी तेथे करवत, वाकस, रंधा आणि पटाशी यांचे राज्य होते. ती हत्यारे आजही आहेत. पण लाकूड नेमक्या कोनात कापण्यासाठी आता विजेवर चालणारी ‘मायटर सॉ’ आली आहे. लाकूड टेबलावर आडवे ठेवायचे, हवा तो अंश साधायचा आणि वरचे डोके खाली दाबायचे, की दातेरी गोल पाते क्षणात लाकूड कापून काढते. फ्रेमच्या कोपऱ्यासाठी पंचेचाळीस अंशांचा काप हा तिचा रोजचा उद्योग.

या पात्याचा वेग किती असतो, याचा थोडा हिशेब पाहू. दहा इंचांचे, म्हणजे २५४ मिलिमीटर व्यासाचे पाते मिनिटाला ४८०० फेरे घेत असेल, तर सेकंदाला ८० फेरे झाले. पात्याचा घेर सुमारे ८० सेंटिमीटर. म्हणजे त्याच्या कडेवरचा प्रत्येक दात सेकंदाला ६४ मीटर, ताशी सुमारे २३० किलोमीटर या वेगाने धावतो. इतक्या वेगाने फिरणारी वस्तू आपल्या पातळीत सरळ न फिरता डावीउजवीकडे डगमगू लागली, तर काप रुंद होतो, लाकडाच्या कडेवर दातांचे ओरखडे उमटतात, कधी कड करपून काळी पडते, सांधा नीट बसत नाही. डगमग वाढली, तर प्रश्न लाकडाचा उरत नाही. तो कारागिराच्या बोटांचा होतो. या विषयात बोटे पणाला लागलेली आहेत, हे वाचकांनी पुढे वाचताना ध्यानात ठेवावे.

राहुरी तालुक्यातील एका कार्यशाळेत घडलेला प्रकार आम्हांस ठाऊक आहे. फ्रेमांचे कोपरे उघडे पडू लागले. गिऱ्हाईक माल परत करू लागले. मालकाने प्रथम दोष दिला तो शिकाऊ मुलाला: याचा हात स्थिर नाही, याचे लक्ष नाही. मुलगा मजुरी बुडेल या भीतीने गप्प राहिला. पुढे तोच काप मालकाने स्वतः घेतला, तोही तसाच आला. तेव्हा दोष पात्याकडे गेला. नवे पाते आणले. दोन दिवस बरे वाटले, मग पुन्हा तेच. शेवटी साखर कारखान्यातून निवृत्त झालेल्या एका फिटरकाकांना बोलाविण्यात आले. त्यांनी मुलाला काही विचारले नाही, पात्यालाही नावे ठेविली नाहीत. आधी यंत्राची वायर भिंतीतून काढली आणि मग पाते हाताने सावकाश फिरवून ते नुसते पाहात बसले.

शोधाचा क्रम

अशा जाणत्या माणसाची काम करण्याची रीत पाहिली, तर तिच्यात एक शिस्त आढळते. पहिली पायरी साफसफाईची. पाते ज्या आसावर बसते त्याला कारागीर ‘शाफ्ट’ म्हणतात, आणि पाते दोन्ही बाजूंनी घट्ट धरणाऱ्या चकत्यांना ‘फ्लँज’. पाते काढण्यासाठी मधला बोल्ट सोडवावा लागतो, आणि येथेच अनेकांची पहिली फसगत होते. कारण बहुतेक मायटर सॉमध्ये या बोल्टला उलटे आटे असतात. हे ठाऊक नसलेला माणूस सोडविण्याच्या भरात तो अधिकच आवळून बसतो. पाते निघाले की फ्लँजवरचा भुसा, लाकडाचा चीक, धातूची बारीकशी कोच यांचा शोध घ्यावयाचा. फ्लँजचा व्यास ४० मिलिमीटर धरला, तर पाते त्याच्या सहापटीहून मोठे आहे. त्यामुळे फ्लँजच्या कडेला ०.०५ मिलिमीटर जाडीचा, म्हणजे फार तर केसाएवढा, कण अडकला, तरी पात्याच्या कडेला त्याची डगमग ०.३ मिलिमीटरच्या वर जाते. मुळाशी केसाएवढी असलेली चूक टोकाला सहापट होऊन दिसते. अर्थात सहापट दिसते म्हणून ती टोकाला जन्मली, असे नव्हे.

दुसरी पायरी मोजण्याची. लोहचुंबकाच्या पायावर उभे राहणारे ‘डायल गेज’ नावाचे घड्याळासारखे साधन असते. त्याची सुई पात्याला टेकवून पाते हाताने सावकाश फिरविले, की मिलिमीटरचा शंभरावा भागही काट्यावर दिसतो. पाते कोठे सर्वांत बाहेर येते, तेथे खडूची खूण करावयाची. पण या मोजणीने एवढेच कळते की डगमग आहे आणि ती इतकी आहे. ती कोणाची, हे कळत नाही.

ते कळण्यासाठी तिसरी पायरी. आणि आमच्या मते साऱ्या शोधाचे मर्म या पायरीत आहे. पात्यावर एक आणि शाफ्टवर एक अशा दोन खुणा करावयाच्या. मग बोल्ट सैल करून पाते शाफ्टवर अर्धा फेरा फिरवावयाचे, पुन्हा घट्ट करावयाचे आणि पुन्हा मोजावयाचे. बाहेर येणारी जागा पात्याबरोबर सरकली, तर दोष पात्याचा. पाते फिरले तरी ती जागा शाफ्टवरच्या खुणेपाशीच राहिली, तर पाते निर्दोष. दोष शाफ्टचा किंवा फ्लँजचा. आणि प्रत्येक वेळी निराळेच माप आले, तर कोठे तरी कचरा किंवा सैलपणा राहिला आहे. पुन्हा पहिल्या पायरीकडे यावयाचे.

ही युक्ती आपल्या सुतारांना नवी नाही. काटकोन तपासण्याचा गुण्या खरा की खोटा, हे पाहण्यासाठी ते काय करतात? फळीच्या सरळ कडेला गुण्या टेकवून एक रेघ ओढतात. मग गुण्या पालथा करून त्याच बिंदूतून दुसरी रेघ ओढतात. दोन्ही रेघा एकमेकींवर बसल्या, तर गुण्या खरा. फाकल्या, तर खोटा. आणि त्यांच्यामधली फट दोषाच्या दुप्पट असते. गवंडी पाणसळ उलटसुलट ठेवून पाहतो, तेही याच कारणाने. दुसऱ्याचा वाकडेपणा मोजण्यापूर्वी आपले मापच वाकडे नाही ना, हे पाहण्याची ही रीत शाळेत न गेलेल्या कारागिरांनीही पिढ्यान्पिढ्या सांभाळली आहे.

त्यानंतरच्या पायऱ्या थोडक्यात सांगतो. पाते बाजूला ठेवून डायल गेज फ्लँजच्या तोंडावर आणि मग शाफ्टवर लावावयाचे. शाफ्ट सरळ निघाला, तर तो हाताने पुढेमागे व बाजूला दाबून पाहावयाचा. खटका लागला, तर आतली बेअरिंग झिजली आहेत. तीही ठीक असतील, तर यंत्राचे डोके ज्या बिजागरीवर खालीवर होते, ती हलते काय हे पाहावयाचे. कारण कधीकधी पाते अगदी खरे फिरत असते आणि त्याला धरून ठेवणारा हातच लटपटत असतो. शिवाय काही पाती थंड असताना सरळ असतात, पण बोथट दातांमुळे किंवा चिकट चिकामुळे तापली, की कडेला फुगून डगमगू लागतात. अशा पात्याची परीक्षा ते थंड असताना घेऊन भागत नाही. माणसेही अशी असतात, हे वाचकांना सांगावयास नकोच.

त्या कार्यशाळेत दोष निघाला तो बेअरिंगमध्ये. भुश्याने त्यातले वंगण शोषून घेतले होते आणि झिजलेल्या बेअरिंगमध्ये शाफ्ट थोडा थोडा खेळत होता. तो खेळ सावकाश वाढत गेला होता, म्हणून कोणाच्या नजरेत आला नव्हता. मुलाचा हात स्थिरच होता.

कागदाची चकती

आता आपण प्रश्नाच्या अवघड भागाकडे येऊ. मूळ शोधण्याचा हा खटाटोप टाळण्याचा एक सोपा मार्ग कारागिरांना ठाऊक असतो. पाते ज्या बाजूला झुकते, तिच्या उलट बाजूला फ्लँजखाली कागदाचा किंवा पातळ पत्र्याचा तुकडा सरकवावयाचा. एका वाकडेपणाला दुसरा वाकडेपणा लावला, की दोन्ही मिळून काही काळ सरळ दिसतात. गिऱ्हाईक दारात उभे असते, दिवस मावळत असतो; हा मोह आम्ही समजू शकतो. पण कागद दबतो, सरकतो. पाते बदलले, की तो हिशेब चुकतो. आणि सर्वांत वाईट म्हणजे, पुढे ज्याच्या हाती यंत्र जाईल, त्याला एकाऐवजी दोन दोष शोधावे लागतात. त्यांतला एक जाणूनबुजून लपविलेला असतो. काही बिघाड असे असतात, की ते दिसत राहणेच हिताचे. लक्षण झाकणे म्हणजे रोग बरा करणे नव्हे, आणि झाकलेल्या लक्षणाची किंमत बहुधा दुसराच कोणी भरतो.

आपल्या जिल्ह्याला ही गोष्ट लाकडापेक्षा पाण्याच्या बाबतीत अधिक चांगली कळली आहे. पश्चिमेकडे अकोल्याच्या डोंगरांत पावसाची झड लागते आणि पूर्वेकडचे तालुके पर्जन्यछायेत कोरडे राहतात. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला, त्यांना त्याची आठवण करून देण्याची गरज नाही. पिढ्यान्पिढ्या आपण दोष दिला तो पावसाला. कारण तुटवडा दिसतो तो आभाळात. विहीर आटली की टँकर मागवायचा, पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा मागवायचा. तहानलेल्या माणसाला टँकर हवाच, त्याविषयी वाद नाही. पण वर्षानुवर्षे केवळ टँकरवरच विसंबणे, ही फ्लँजखाली सरकविलेली कागदाची चकतीच होय.

मग काही माणसांनी फिटरकाकांसारखे केले. पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी येथे १९७५ मध्ये गावी परतलेल्या अण्णा हजारे यांच्या पुढाकाराने, आणि नगर तालुक्यातील हिवरे बाजार येथे १९८९ मध्ये सरपंच झालेल्या पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली, गावकऱ्यांनी आभाळाऐवजी डोंगरउताराकडे पाहिले. हिवरे बाजारला वर्षाला सरासरी चारशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तो थोडा खरा. पण उघड्याबोडक्या उतारावरून तो मातीसह वाहून जात होता. डोंगरावर समतल चर खणले, नाल्यांवर बांध घातले, झाडे लावली, मोकाट चराईला आळा घातला. पाणी जिरले, तेव्हा दुसरा दोष दिसला: जिरलेले पाणी उपसण्याची हाव. म्हणून शेतीसाठी कूपनलिका घेण्यावर बंदी आली, उसासारखे तहानलेले पीक दूर ठेवण्यात आले आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडला जाऊ लागला. अहमदनगर येथे समाजकार्य केलेले स्विस जेझुइट धर्मगुरू फादर हर्मन बाखर यांनी पाणलोट विकासाचा जो आग्रह आयुष्यभर धरला, त्याचेही सूत्र हेच होते: माथ्यापासून पायथ्यापर्यंत, क्रमाने. पाऊस तेवढाच राहिला. बदलला तो दोषाचा पत्ता. आणि तो नवा पत्ता माणसाच्या स्वतःच्या दारातला होता, म्हणूनच उपाय माणसाच्या हातात आला.

यंत्र आणि माणूस

येथे कोणी आक्षेप घेईल, की यंत्राचे ठीक आहे. पण माणूस म्हणजे यंत्र नव्हे. त्याला इच्छा असते, तो जाणूनबुजून चुकतो. त्याच्या वागण्याला डायल गेज कोठे लावणार? आक्षेप खरा आहे. परंतु त्यातून निघणारा निष्कर्ष आक्षेप घेणाऱ्याच्या अपेक्षेच्या अगदी उलट आहे.

तेराव्या शतकातील तत्त्वचिंतक संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या ‘सुम्मा थिओलॉजिए’ या ग्रंथात अविचारी दोषारोपाचा प्रश्न विचारात घेतला आहे. त्यांच्या विवेचनाचा आशय असा: वस्तूविषयी निर्णय करताना तो चुकला, तर वस्तूचे काही बिघडत नाही, प्रश्न फक्त निर्णय करणाऱ्याच्या ज्ञानाचा असतो. म्हणून वस्तूकडे ती आहे तशी पाहण्याचा यत्न करावा. माणसाविषयी मात्र निर्णय चुकला, तर त्या माणसाचा अवमान होतो. म्हणून पुरेसा पुरावा नसेल, तर शंकेचा फायदा त्याला द्यावा. वाईटाला चांगले समजण्याची चूक अनेकदा झाली तरी पत्करावी, पण चांगल्याला वाईट ठरविण्याची चूक क्वचितही होऊ नये, इतक्या टोकाला ते जातात.

आता आपल्या वागण्याकडे पाहा. पात्याला विनाकारण दोष दिला, तर पाते रडत नाही, त्याची झोप उडत नाही. तरीही जाणता कारागीर खुणा केल्याशिवाय आणि दोनदा मोजल्याशिवाय पाते भंगारात टाकीत नाही. आणि ज्याला दोष दिल्याने खरोखर जखम होते, त्या माणसाला आपण एका दृष्टिक्षेपात दोषी ठरवितो. जेथे चुकीची किंमत कमी, तेथे काळजी जास्त. जेथे किंमत जास्त, तेथे काळजी शून्य. अशा उलट्या आट्यांवर आपला व्यवहार चालला आहे.

उदाहरणे दूर शोधावयास नकोत. मुलाचे गणिताचे गुण घसरले, की तो आळशी ठरतो. त्याला मागच्या बाकावरून फळा दिसत नाही आणि चष्म्याची गरज आहे, हे दोन वर्षांनी कळते. घरात पैसा पुरत नाही, की गृहिणी उधळी ठरते. पगारातला किती भाग घरी पोहोचतो, याची मोजणी कोणी करीत नाही. आणि सर्वांत क्रूर उदाहरण आपल्या कितीतरी कुटुंबांत घडते. लग्नाला चार वर्षे झाली, मूल नाही, दोष सुनेचा. तिला दवाखान्यात नेतात, नवस बोलायला लावतात, टोमणे मारतात. मुलाची तपासणी करण्याचा विषयच निघत नाही. अपत्य न होणाऱ्या जोडप्यांपैकी फार मोठ्या संख्येत पुरुषाकडील कारणाचाही वाटा असतो, हे वैद्यकशास्त्राने केव्हाच सांगून ठेविले आहे, आणि पुरुषाची पहिली तपासणी स्त्रीच्या तपासण्यांपेक्षा कितीतरी सोपी असते. पण उणीव दिसते ती तिच्या कुशीत, म्हणून दोष तिचा. दिसण्याची जागा आणि असण्याची जागा यांतला फरक न केल्यामुळे एका निरपराध स्त्रीचे आयुष्य पोळून निघते. याला अज्ञान म्हणून सोडून द्यावयाचे काय? मोजमाप उपलब्ध असताना ते न करणे, हे आमच्या मते अज्ञान नसून अन्याय आहे.

दुसऱ्याच्या डोळ्यातील कुसळ आणि आपल्या डोळ्यातील मुसळ ही उपमा प्रभू येशूने दिली, तीही लाकडाशी नाते सांगणारीच आहे. गावचे लोक त्याला सुताराचा पुत्र म्हणून ओळखीत होते. ज्या घरात लाकूड रोज मापून कापले जाते, त्या घरात वाढलेल्याला पाहणाऱ्याची दृष्टी आधी साफ हवी, हे सांगताना अशीच उपमा सुचावी, यात नवल नाही. कुसळ काढूच नका, असे तो म्हणत नाही, हे मात्र आपण विसरतो. आधी मुसळ, मग कुसळ. हा क्रमाचा प्रश्न आहे. गुण्या पालथा करून पाहणे ते हेच.

शोध कोठे थांबवावा?

तरीही एक धोका उरतो. पाते डगमगते ते बेअरिंगमुळे. बेअरिंग झिजले ते भुश्यामुळे. भुसा साचला तो कोणी साफ न केल्यामुळे. साफ झाला नाही तो कामाच्या घाईमुळे. घाई झाली ती कर्जाच्या हप्त्यामुळे. असे मागे मागे जात राहिले, तर अखेर कोणीच जबाबदार उरत नाही. माणसांच्या बाबतीतही आज असा सूर वारंवार ऐकू येतो: दारुड्याचा दोष नाही, त्याच्या बालपणाचा आहे, लाच घेणाऱ्याचा दोष नाही, व्यवस्थेचा आहे. मूळ शोधणे ही न्यायाची पहिली अट खरी, पण तिचा उपयोग जबाबदारी विरघळविण्यासाठी होऊ लागला, तर तीही एक कागदाची चकतीच ठरते.

मग शोध थांबवावयाचा कोठे? जेथे कोणाचा तरी हात पोहोचतो आणि दुरुस्ती शक्य होते, तेथे, असे आमचे नम्र मत आहे. फिटरकाका बेअरिंगपाशी थांबले. कारण ते बदलता येत होते. आणि भुसा रोज झाडावा, हे त्यांनी मालकाला बजावले. कारण तेही मालकाच्या हातात होते. कर्जाच्या हप्त्याविषयी ते बोलले नाहीत. दोषाचा शोध हा शिक्षेसाठी नसून दुरुस्तीसाठी असतो, हे एकदा मनाशी ठरले, की तो कोठे सुरू करावा आणि कोठे थांबवावा, हे दोन्ही आपोआप कळू लागते. दोष खरोखरच पात्याचा निघाला, तर तेही स्पष्ट सांगितले पाहिजे. तडा गेलेले पाते दयेपोटी पुन्हा चढविणे, ही दया नव्हे. ते पुढच्या कारागिराच्या हाताशी केलेले वैर आहे. दारुड्या बापाच्या बालपणाविषयी कणव बाळगूनही त्याच्या हातून मुलांना वाचवावेच लागते. फरक एवढाच की, तडा गेलेले पाते आपण भंगारात टाकू शकतो, माणसाला मात्र टाकू शकत नाही. त्याला बाजूला घेता येते, थांबविता येते, हिशेब विचारता येतो; पण त्याच्यासाठी भंगाराचे दुकान नाही.

दुरुस्तीचीही एक रीत असते. बेअरिंगला दोन कडी असतात, एक आतले आणि एक बाहेरचे. मधे पोलादी गोळ्या. नवे बेअरिंग शाफ्टवर चढविताना जोर द्यावा लागतो, पण तो आतल्या कड्यावरच द्यावयाचा असतो. कारण शाफ्टशी घट्ट बसावयाचे असते ते आतले कडे. बाहेरच्या कड्यावर हातोडा मारला, तर तो आघात गोळ्यांमधून जातो, त्यांच्या मार्गावर न दिसणारे खळगे पडतात, आणि नवे कोरे बेअरिंग पहिल्याच दिवसापासून जखमी होऊन फिरू लागते. उपदेशाचेही असेच आहे. चूक खरी असते, सांगणाऱ्याचा हेतूही चांगला असतो, पण शब्द चुकीच्या जागी बसतो: चारचौघांत, मुलांच्या देखत, जुने उणे काढून. काम होते, पण आत खळगा पडतो. आणि पुढे वर्षांनी त्याचा आवाज येऊ लागतो, तेव्हा तो कशाचा हे कोणाला उमगत नाही.

त्या कार्यशाळेतील मुलाविषयी वाचकांना उत्सुकता असेल. बेअरिंग बदलले, फ्लँज बारीक दगडाने घासून साफ केले, पाते सरळ फिरू लागले. फ्रेमांचे कोपरे मिटले. मालकाने मुलाची क्षमा मागितली किंवा नाही, हे आम्हांस ठाऊक नाही. आपल्याकडे मालक शिकाऊ मुलाची क्षमा मागत नाहीत. पण पुढच्या वेळी काप बिघडला, तेव्हा त्याने मुलाकडे वळून पाहण्याआधी यंत्राची वायर काढली, एवढे आम्हांस समजले. क्षमा शब्दांनी मागितली गेली नसेल. सवयीने मागितली गेली, असे म्हणावयास हरकत नाही.

आपल्या घरांत, धर्मग्रामांत आणि संस्थांत काहीतरी सतत डगमगत असते. सारे काही स्थिर आहे, असे घर आम्ही पाहिलेले नाही. अशा वेळी ज्याच्यावर पहिली नजर जाते, तो बहुधा सर्वांत दुबळा असतो: शिकाऊ मुलगा, नवी सून, हाताखालचा शिपाई, बोलू न शकणारे म्हातारे माणूस. टोकाला उभे असल्यामुळे सगळी डगमग त्यांच्या ठायी सहापट दिसते. त्यांना बोल लावण्यापूर्वी क्षणभर थांबून, फिरते यंत्र बंद करून, आपलेच माप एकदा उलटे ठेवून पाहावे, इतकीच आमची वाचकांना विनंती आहे. मोजणीला थोडा वेळ जातो खरा. पण त्या वेळात कोणाची तरी बोटे वाचतात आणि कोणाची तरी अब्रू.